आडनाव की पत्ता?

दर दोन वर्षांनी, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, अमेरिकेतली मतमोजणी पुरती संपायच्या आत मराठी वर्तमानपत्रांत एक चौकट छापून येते. 'भारतीय वंशाचे इतके उमेदवार विजयी.' खाली फोटो, फोटोखाली मूळ गाव. जानेवारी २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात असे सहा जण शपथ घेऊन बसले: अमी बेरा, रो खन्ना, प्रमिला जयपाल, राजा कृष्णमूर्ती, श्री ठाणेदार आणि सुहास सुब्रमण्यम. ठाणेदारांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातला, भाषा मराठी, आणि 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचं आत्मचरित्र मराठी घरांतून भरपूर वाचलं गेलेलं. त्यामुळे त्यांच्या फोटोला आपल्याकडे चार बोटं जास्त जागा मिळते. 'आपला माणूस अमेरिकन काँग्रेसमध्ये.'

चौकटीत एक गोष्ट कधीच नसते. या माणसाला निवडून कोणी दिलं, कशासाठी दिलं आणि निवडून आल्यावर तो दिवसभर काय करतो? तेवढं सोडून बाकी सगळं आपल्याला ठाऊक असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. काँग्रेसचा सदस्य आडनावाने आपला होत नाही, पत्त्याने होतो. हे न कळल्यामुळे अमेरिकेतल्या मराठी (आणि एकूणच भारतीय) माणसाने स्वतःचं भरपूर नुकसान करून घेतलं आहे, आणि जाता जाता डेट्रॉइटच्या मतदारांचा थोडा अपमानही केला आहे.

मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहते. सॉफ्टवेअर इंजिनिअर, एच-१बी व्हिसा, सांगलीची इंजिनिअरिंगची पदवी. नोव्हाय आणि आसपासच्या उपनगरांत वाहन उद्योगाच्या आधाराने भारतीयांची मोठी वस्ती आहे. गणपतीत इथे ढोल वाजतात आणि किराणा दुकानात भडंग मिळतं. या वस्तीत 'आपले काँग्रेसमन कोण?' असं विचारलं तर दहातले सात जण 'ठाणेदार' म्हणतील. ते चूक आहे. ठाणेदारांचा मतदारसंघ मिशिगनचा तेरावा: डेट्रॉइट शहराचा मोठा भाग, हॅमट्रॅमिक, हायलंड पार्क, ग्रोस पॉइंट, टेलर, रोम्युलस. नोव्हाय येतं सहाव्या मतदारसंघात, आणि तिथल्या सदस्य आहेत डेबी डिंगेल.

डिंगेल हे नाव आमच्या वस्तीत फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. त्यांचे पती जॉन डिंगेल १९५५ ते २०१५ अशी ५९ वर्षं काँग्रेसमध्ये होते. अमेरिकेच्या इतिहासात इतका काळ दुसरं कुणीही तिथे बसलेलं नाही. त्यांच्या आधी ती जागा त्यांच्या वडिलांकडे होती, १९३३ पासून. म्हणजे एकाच घराण्याकडे नव्वद वर्षांहून अधिक काळ मिशिगनमधली एक जागा आहे. भारतातल्या घराणेशाहीवर तासभर बोलू शकणारा माणूस ज्या घराण्याच्या मतदारसंघात राहतो, त्याचं नाव मात्र त्याला सांगता येत नाही.

'पण मला मतच नाही, मग माझा सदस्य कसला?' हा प्रश्न मी शंभरदा ऐकला आहे. त्याचं उत्तर अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा राज्यांमध्ये वाटल्या जातात त्या मतदारांच्या संख्येवर नाही, तर माणसांच्या संख्येवर. दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेत नागरिक, ग्रीन कार्डवाले, एच-१बीवाले, विद्यार्थी, सगळे मोजले जातात. २०२० च्या जनगणनेनंतर एका जागेमागे सरासरी सुमारे ७ लाख ६० हजार माणसं आली. त्या आकड्यात आपण आहोत. आपल्याला मोजून ती जागा तयार झाली आहे. मत नसणं ही खरी अडचण आहे, पण प्रतिनिधी नसणं हा आपण करून घेतलेला समज आहे.

आता ठाणेदारांकडे येऊ. त्यांची गोष्ट छान आहे, ती नाकारायचं कारण नाही. १९७९ साली अमेरिकेत आले, अ‍ॅक्रन विद्यापीठात पॉलिमर रसायनशास्त्रात पीएच.डी. केली, सेंट लुइसमध्ये प्रयोगशाळा विकत घेऊन वाढवली, पुढे एक कंपनी बुडाली, मिशिगनमध्ये येऊन पुन्हा दुसरी उभी केली. २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत स्वतःचे लाखो डॉलर घालून तिसरे आले. २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळात गेले आणि २०२२ मध्ये काँग्रेसमध्ये. त्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. तेरावा मतदारसंघ पक्का डेमोक्रॅटिक असल्याने प्रायमरी जिंकली की जागा खिशात.

आपल्या चौकटीत हे येतं तेव्हा ते जिद्दीची कथा म्हणून येतं. डेट्रॉइटमध्ये याच निकालाची दुसरी बाजू दिसली. डेट्रॉइट हे तीन चतुर्थांशांहून अधिक कृष्णवर्णीय लोकवस्तीचं शहर आहे. १९५५ साली चार्ल्स डिग्ज काँग्रेसमध्ये गेले तेव्हापासून या शहराचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये कायम होता. जानेवारी २०२३ मध्ये ती साखळी तुटली. तिथल्या मतदारांना त्याची खंत वाटली, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी ती उघड बोलून दाखवली.

त्यावर आपल्या लोकांनी काढलेला सूर मला अजून आठवतो: 'यांना गुणवत्ता दिसत नाही, जात दिसते.' हे बोलणारी माणसं बेळगावच्या सीमाप्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या हळहळत आलेली. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आणि तिथल्या मराठी माणसाने महाराष्ट्र एकीकरण समितीच्या झेंड्याखाली आपल्या भाषेचा आमदार निवडून देण्यासाठी किती निवडणुका लढवल्या! आपल्यासारखा बोलणारा, आपलं दुखणं न सांगता कळणारा माणूस सभागृहात असावा, ही बेळगावच्या मराठी माणसाची मागणी आपल्याला न्याय्य वाटते. तीच मागणी डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय माणसाने केली की ती संकुचित कशी होते? मुंबईत 'भूमिपुत्र' आणि मिशिगनमध्ये 'गुणवत्ता' अशा दोन तागड्या एकाच हातात धरता येत नाहीत.

इथे कुणी म्हणेल, तुझाच मुद्दा तुझ्यावर उलटतो. आडनाव महत्त्वाचं नाही म्हणतेस, मग डेट्रॉइटवाल्यांनी तरी वंशाकडे का बघावं? फरक असा की डेट्रॉइटचा मतदार आपल्या पत्त्यावर हक्क सांगतो आहे. ठाणेदार त्याचे प्रतिनिधी आहेत. त्याला त्यांच्याबद्दल हवं ते मत असू शकतं, तो त्यांना काढू शकतो किंवा, जसं २०२४ मध्ये झालं, पुन्हा पाठवू शकतो. आपण मात्र नोव्हायहून, न्यू जर्सीहून आणि नाशिकहून दुसऱ्याच्या प्रतिनिधीवर मालकी सांगतो आहोत. ठाणेदारांनी एच-१बीवाल्यांसाठी भांडावं ही अपेक्षा टेलरमधल्या कारखान्यातल्या कामगाराने त्यांच्याकडे का ठेवावी? आणि त्याने ठेवली नाही, तर ठाणेदारांनी तरी आपलं का ऐकावं?

आता इतिहासाकडे पाहू, कारण भावनेपेक्षा तो जास्त स्पष्ट बोलतो. भारतीयांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळण्याची वाट १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने उघडली, वर्षाला १०० जणांचा कोटा ठेवून. कायदा आणणारे कोण? कनेक्टिकटच्या क्लेअर बूथ ल्यूस आणि ब्रुकलिनचे इमॅन्युएल सेलर. तेव्हा काँग्रेसमध्ये भारतीय वंशाचं कुणी असणं शक्यच नव्हतं. त्या कायद्यामुळे १९४९ मध्ये नागरिक झालेले दलीप सिंग सौंद १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून निवडून आले, भारतीय वंशाचे पहिले सदस्य म्हणून. सौंद गणितातले पीएच.डी., पण पोटासाठी इम्पीरियल व्हॅलीत शेती केलेले. मतदारांनी त्यांना तीनदा निवडलं ते शेतकरी आणि शेजारी म्हणून. पुढे १९६५ मध्ये वंशावर आधारलेली जुनी कोटा पद्धत मोडणारा हार्ट-सेलर कायदा आला, तोही त्याच ब्रुकलिनच्या सेलरांच्या नावाने. ब्रुकलिन स्थलांतरितांनी भरलेलं होतं. तिथल्या प्रतिनिधीला स्थलांतराचा प्रश्न शिकवावा लागत नव्हता.

आणि आजचा प्रश्न? नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली साधारण ७ टक्के. हे आकडे १९९० च्या कायद्यातले. भारत आणि आइसलँड यांना एकच मर्यादा. परिणाम असा की २०२५ च्या एप्रिलपासूनच्या व्हिसा बुलेटिनांत भारतीयांसाठी ईबी-२ ची रांग २०१३ सालच्या अर्जांपाशी घुटमळत होती. २०१३ साली मी दहावीत होते. माझ्यासारखी जी आज त्या रांगेत उभी राहील, तिचा नंबर तिच्या नोकरीच्या आयुष्यात लागेल की नाही, हे गणित करायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

ही मर्यादा काढण्याचे गंभीर प्रयत्न कोणी केले ते बघा. २०११ मध्ये यूटाचे जेसन चॅफेट्झ, रिपब्लिकन. विधेयक प्रतिनिधिगृहात ३८९ विरुद्ध १५ मतांनी मंजूर, सिनेटमध्ये गारद. त्यानंतर कॅन्ससचे केविन योडर, तेही रिपब्लिकन. मग २०१९ मध्ये सॅन होजेच्या झोई लॉफग्रेन, डेमोक्रॅट. विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये त्याचं वेगळं रूप मंजूर केलं, ते पुढे रेटणारे यूटाचे माइक ली. दोन्ही रूपांचा मेळ बसण्याआधी ती काँग्रेस संपली आणि विधेयक मेलं. या चार नावांत एकही पटेल, खन्ना, ठाणेदार नाही. लॉफग्रेन यांचा मतदारसंघ सिलिकॉन व्हॅलीतला आणि त्या स्वतः मुळात स्थलांतर कायद्यातल्या वकील. आपलं सर्वांत जास्त काम ज्या बाईंनी केलं, त्यांचा फोटो मराठी वर्तमानपत्राच्या चौकटीत छापल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. चौकटीची अटच मुळी चुकीची आहे.

'काम' म्हणजे काय, याबद्दलही आपल्या कल्पना गमतीच्या आहेत. आमच्या धंद्यात एक जुना मूर्खपणा होता: ज्याने जास्त ओळींचा कोड लिहिला तो चांगला प्रोग्रॅमर. मग लोक दहा ओळींचं काम शंभर ओळींत करू लागले. काँग्रेसच्या सदस्याची विधेयकं मोजणं हा तसलाच प्रकार आहे. दर काँग्रेसमध्ये, म्हणजे दोन वर्षांत, दहा हजारांहून जास्त विधेयकं मांडली जातात आणि काहीशेंचा कायदा होतो. विधेयक मांडायला एक सही पुरते.

डेट्रॉइटचंच उदाहरण घेऊ. जॉन कॉन्यर्स १९६५ पासून २०१७ पर्यंत या शहराचे प्रतिनिधी होते. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर चार दिवसांत त्यांनी किंग यांच्या जन्मदिनी राष्ट्रीय सुट्टी देण्याचं विधेयक मांडलं. ते पडलं. त्यांनी पुन्हा मांडलं, पुन्हा पडलं, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. कायदा झाला १९८३ मध्ये, तोही इंडियानाच्या केटी हॉल यांनी मांडलेल्या विधेयकातून. 'मंजूर विधेयकं' या रकान्यात कॉन्यर्स यांच्या नावापुढे इथे शून्य येईल. पण पंधरा वर्षं तो विषय जिवंत कोणी ठेवला?

याच कॉन्यर्स यांच्या डेट्रॉइट कार्यालयात १९६५ पासून १९८८ पर्यंत एक बाई नोकरी करत होत्या. लोकांचे फोन घ्यायच्या, घर नसलेल्यांचे, पेन्शन अडलेल्यांचे प्रश्न मार्गी लावायच्या. त्यांचं नाव रोझा पार्क्स. बसमधली जागा सोडायला नकार देऊन ज्यांनी देशाचा इतिहास फिरवला, त्यांनी पुढची वीसेक वर्षं एका काँग्रेस सदस्याच्या स्थानिक कचेरीत काढली. स्थानिक काम हे दुय्यम, राष्ट्रीय काम ते खरं, असं मानणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

या कामाला इथे केसवर्क म्हणतात. माजी सैनिकाचा भत्ता अडला, म्हातारीची सोशल सिक्युरिटी बंद झाली, पासपोर्ट वेळेत आला नाही, स्थलांतराचा अर्ज महिनोन्‌महिने धूळ खात पडला, की माणूस सदस्याच्या जिल्हा कार्यालयाकडे जातो. १९७४ च्या प्रायव्हसी कायद्यामुळे एका संमतिपत्रावर सही द्यावी लागते. मग कार्यालय त्या खात्याला अधिकृत विचारणा करतं. निकाल बदलायचा अधिकार सदस्याला नाही, पण फाइल कुठे अडकली आहे याचं उत्तर खात्याला द्यावं लागतं. यासाठी नागरिक असण्याची अट नाही. ओहायोतल्या माझ्या एका मित्राचं कामाचं परवानापत्र असं अडकलं होतं. त्याने आधी दोन 'भारतीय वंशाच्या' सदस्यांच्या कार्यालयांना लिहिलं. दोन्हीकडून सभ्य उत्तर आलं: तुमचा पत्ता आमच्या मतदारसंघात नाही, कृपया तुमच्या प्रतिनिधीशी संपर्क साधा. या दोन पत्रांत त्याचे पाच आठवडे गेले. ज्या सदस्याचं नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं, त्याच्या कार्यालयाने संमतिपत्र मिळाल्यावर विचारणा पाठवली आणि फाइल हलली.

म्हणून राष्ट्रीय राजकारण विसरा, गल्लीचं बघा, असं मी म्हणत नाही. दोन्ही वेगळे कप्पे नाहीतच. डेट्रॉइटच्या जुन्या घरांत पिण्याचं पाणी अजून शिशाच्या नळांतून येतं. ते नळ बदलायला देशभरासाठी १५ अब्ज डॉलर आले ते नोव्हेंबर २०२१ मध्ये २२८ विरुद्ध २०६ मतांनी मंजूर झालेल्या पायाभूत सुविधांच्या कायद्यातून. मत वॉशिंग्टनमध्ये पडलं आणि पाणी बदलायचं डेट्रॉइटमध्ये. उलटही घडतं. २०११ मध्ये बंद झालेली, सदस्याने आपल्या भागातल्या कामांसाठी थेट निधी मागण्याची पद्धत २०२१ मध्ये परत आली. पण मार्च २०२५ मध्ये काँग्रेसने वर्षभराचं अंदाजपत्रक जुन्याच आकड्यांवर पुढे ढकललं तेव्हा त्या वर्षीचे असे सगळे स्थानिक निधी त्यातून गळले. कुणाची अग्निशमन केंद्रं, कुणाची पाण्याची कामं, सगळी एका फटक्यात. सदस्याने मतदारसंघात कितीही पायपीट केलेली असो.

या कसोटीवर ठाणेदारांचं काम तपासायला हरकत नाही, उलट तेच करायला हवं. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षांविरुद्ध महाभियोगाची सात कलमं मांडली. मे महिन्यात त्यावर सक्तीने मतदान घ्यायचा मार्ग त्यांनी धरला आणि स्वपक्षीयच नाराज झाल्यावर मतदानाच्या आधी माघार घेतली. सभागृहात बहुमत विरोधकांचं, पक्षाचा पाठिंबा नाही, म्हणजे निकाल आधीच ठरलेला. याला तत्त्वासाठीची धडपड म्हणायचं की पुढच्या प्रायमरीची तयारी? माझ्या मते धडपड असती तर मतदान होऊ दिलं असतं. हरूनही कोण कुठे उभं आहे हे नोंदलं गेलं असतं. मांडायचं आणि मागे घ्यायचं, यातून नोंद उरत नाही, बातमी तेवढी उरते. पण मराठी माध्यमांत यावर चर्चा झाली ती 'आपल्या ठाणेदारांनी ट्रम्पना आव्हान दिलं' एवढीच. आपला म्हटलं की तपासणी थांबते. दुसऱ्या कुठल्या नेत्याला आपण इतक्या स्वस्तात सोडतो?

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. स्थलांतराचा अनुभव असलेला माणूस सभागृहात असण्याला काहीच किंमत नाही का? आहे. समितीच्या बैठकीत 'विद्यार्थी व्हिसावर आलेला माणूस घरी पैसे कसे पाठवतो' हे कुणाला तरी अनुभवाने माहीत असणं चांगलंच. पण अनुभव म्हणजे बांधिलकी नव्हे. बांधिलकी मतांतून, फोनांतून, पत्रांतून तयार होते. शिवाय देशनिहाय मर्यादा काढून एकूण संख्या तेवढीच ठेवली तर इतर देशांच्या लोकांची रांग लांबते. नायजेरियन इंजिनिअर आणि फिलिपिनो नर्स यांचेही प्रतिनिधी त्याच सभागृहात बसतात, आणि त्यांनी विरोध केला तर तो द्वेष नसतो. आपल्या मागणीत 'एकूण संख्या वाढवा' हे जोडल्याशिवाय ती न्याय्य होणार नाही आणि टिकणारही नाही.

काँग्रेसने हे काम पस्तीस वर्षं टाळलं, त्याचा हिशेब आपण मोजतो आहोत. एच-१बीची ६५ हजारांची मर्यादा १९९० ची. २००४ मध्ये अमेरिकेतल्या पदव्युत्तरांसाठी त्यात २० हजारांची भर पडली. मधल्या काळात आकडे वर-खाली झाले आणि परत तिथेच आले. कायदा गोठला की मोकळी जागा राष्ट्राध्यक्षांच्या सहीने भरली जाते. १९ सप्टेंबर २०२५ ला एका घोषणेने नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लागली, आणि सुट्टीवर भारतात आलेली माणसं त्या रात्री विमानाची तिकिटं शोधत होती. त्या दिवशी समाजमाध्यमांवर 'आपल्या' सहा सदस्यांना उद्देशून हजारो मराठी-हिंदी-तेलुगू संदेश गेले. ते ज्यांनी पाठवले त्यांतल्या बहुतेकांचे प्रतिनिधी दुसरेच होते, आणि त्यांच्या कार्यालयांतले फोन मोकळे होते.

यातून मार्ग कंटाळवाणा आहे, म्हणून तो कुणी सांगत नाही. आपल्या झिप कोडवरून आपला सदस्य शोधा. त्याच्या जिल्हा कार्यालयाचा पत्ता फ्रिजवर लावा. एच-१बीवर असताना निवडणुकीला देणगी देणं बेकायदेशीर आहे, पण पत्र लिहिणं, भेट मागणं, जाहीर सभेत उभं राहून प्रश्न विचारणं पूर्ण कायदेशीर आहे. ग्रीन कार्ड मिळालेल्यांनी देणगी द्यावी, नागरिक झालेल्यांनी नोव्हेंबरच्या आधी होणाऱ्या प्रायमरीतही मत द्यावं. नऊ उमेदवारांत २८ टक्क्यांना जागा मिळते, तिथे काही हजार मतं काय करू शकतात हे तेराव्या मतदारसंघाने दाखवलेलंच आहे. आणि प्रश्न विचारताना फक्त आपल्या रांगेचा विचारू नये. शेजारच्या घरातल्या शिशाच्या नळाचाही विचारावा. जो सदस्य आपल्याला 'व्हिसावाले' म्हणून ओळखतो तो आपलं पत्र बाजूला ठेवेल. जो आपल्याला आपल्या भागातले रहिवासी म्हणून ओळखतो, त्याला ते वाचावं लागेल.

महाराष्ट्र मंडळांनी गणपतीला प्रमुख पाहुणा म्हणून दूरच्या मतदारसंघातला भारतीय वंशाचा सदस्य बोलावणं एक वर्ष बंद करावं. त्याऐवजी ज्या शाळेच्या सभागृहात गणपती बसतो, ती शाळा ज्याच्या मतदारसंघात आहे त्याला बोलवावं. मोदक कसा खायचा हे त्याला शिकवावं लागेल. पण त्या सभागृहात बसलेल्या पाचशे माणसांची नावं त्याच्या जनगणनेत आहेत, हे त्याला तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसेल.